कल्याणचा नैगम वेण्हुनंदि : एका दुर्मिळ देवनामाचा अर्थ व प्रसार

साष्टींतील कान्हेरीच्या लेण्यांत माढरीपुत स्वामी सकसेन ह्या राजाच्या आठव्या वर्षीं, ग्रीष्माच्या पांचव्या पक्षीं, दहाव्या दिवशीं खोदविलेला एक प्राकृत लेख आहे. कल्याण येथें राहणाऱ्या एका नैगमानें, म्हणजे प्रतिष्ठित व्यापाऱ्यानें, भिक्षुसंघासाठीं लेणें करविलें व त्याचें पुण्य आपल्या आप्तांसह वांटून घेतलें, एवढाच त्याचा मजकूर. राजा उत्तरकालीन सातवाहनांत गणला जातो, त्यामुळें राजवंशाचा अनुक्रम लावणाऱ्यांनीं ह्या लेखाचा कीस पुष्कळ काढला आहे. आमचें लक्ष मात्र राजाकडे नसून त्या व्यापाऱ्याच्या घराकडे आहे. दैवाची गंमत अशी कीं, ज्यानें द्रव्य खर्चिलें त्याचें स्वतःचें नांव जेथें असावयाचें तेथेंच अक्षरें झिजून गेलीं. बापाचें नांव मात्र शाबूत राहिलें. तें नांव वेण्हुनंदि. आईचें नांव बोधिसमा.

वेण्हुनंदि म्हणजे संस्कृतांत विष्णुनंदि. बापाच्या नांवांत विष्णु, आईच्या नांवांत बोधि, आणि मुलाचें दान बुद्धाच्या संघास. हें घर वैष्णव म्हणावें कीं बौद्ध ? ह्या एका प्रश्नाच्या उत्तरावर जुन्या लेखांतील शेंकडों नांवांचा अर्थ अवलंबून आहे; कारण नांवावरून धर्म ठरवावयाची संवय आपणां सर्वांस जडलेली असून ताम्रपट, वंशावळी व पोथ्यांच्या पुष्पिका वाचतांना ती पदोपदीं आपला अंमल चालविते.

प्रथम स्थळाविषयीं दोन शब्द. कान्हेरी आज मुंबई उपनगर जिल्ह्यांत मोडते. परंतु इ. स. १९२० मध्यें तो जिल्हा निराळा होईपर्यंत सारी साष्टी ठाणें जिल्ह्यांत होती. म्हणून भगवानलाल इंद्रजी ह्यांचें कान्हेरीवरील परिश्रम इ. स. १८८२ च्या ठाणें गॅझेटिअरांतच सांपडतात. उल्हास नदीच्या खाडीवरील कल्याण बंदर आणि हीं लेणीं ह्यांचा संबंध दात्याचा व संघाचा. पेरिप्लसकार ग्रीक नावाडी कल्याणास कल्लिएना म्हणतो. थोरल्या सरगनाच्या काळीं तेथें रीतसर व्यापार चाले, पुढें संदनाच्या हातीं तें गेल्यावर चुकून आलेलीं ग्रीक गलबतें पहाऱ्यांत भडोचकडे नेलीं जात, असें तो लिहितो. ह्या बंदराच्या सधन वस्तीचीं नांवें आपणांस कल्याणांत मिळत नाहींत, कान्हेरीच्या कातळावर मिळतात. पाण्याचें टांकें देणारा कल्याणचा सोनार सामिदत, कल्याणचाच लोहार नंद, तेथील अंबालिका विहाराचा उल्लेख, हें सर्व तेथेंच नोंदलेलें आहे. घाटमाथ्यावर जुन्नरच्या लेण्यांतही कल्याणच्या एका हेरणिकाचा, म्हणजे खजिनदाराचा, मुलगा सुलसदत हा दाता म्हणून आढळतो.

कल्याणाहून जुन्नरास जाणारी जुनी वाट नाणेघाटाची. त्या घाटांतील राणी नागनिकेच्या लेखाच्या आरंभीं धर्म, इंद्र, संकर्षण-वासुदेव, चंद्रसूर्य आणि चार लोकपाल ह्यांस वंदन केलेलें आहे. तेव्हां कल्याणच्या व्यापाऱ्यांचे तांडे ज्या वाटेनें जात येत, त्या वाटेवर वासुदेवाचें नांव वेण्हुनंदीच्या पूर्वीं कांहीं पिढ्या कोरलें गेलें होतें. विष्णूचें नांव मुलास द्यावयास ह्या प्रांतांत कारण नव्हतें, असें कोणास म्हणतां येणार नाहीं.

आतां शब्दाकडे वळूं. संस्कृत ष्ण चा प्राकृतांत ण्ह होतो. कृष्णाचा कण्ह, उष्णाचें उण्ह, आणि त्यावरून आमचें मराठी ऊन. लेख ज्या डोंगरांत आहे त्याचें नांवही ह्याच नियमानें घडलें आहे : कृष्णशैलाचा कण्हसेल, कृष्णगिरीची कान्हेरी. म्हणजे डोंगराचें नांव आणि व्यापाऱ्याचें नांव हीं एकाच टांकसाळींतलीं. विण्हु ह्या रूपांतील पहिला इकार संयोगापूर्वीं एकार होतो व वेण्हु असें रूप मिळतें. दोन्ही रूपें त्या काळच्या लेखनांत खपत. विष्णूचें हेंच प्राकृत रूप पुढें कानडींत बिट्टि झालें, होयसळ राजा विष्णुवर्धन ह्याचें मूळचें नांव बिट्टिदेव होतें, आणि आमचा विठ्ठलही त्याच वाटेनें आला असावा, असें सर रामकृष्ण गोपाळ भांडारकर ह्यांनीं इ. स. १९१३ मध्यें सुचविलें. विठ्ठलाच्या व्युत्पत्तीविषयीं मतभेद पुष्कळ आहेत; त्या वादांत येथें शिरण्याचें प्रयोजन नाहीं.

नंदि ह्या उत्तरपदाचा अर्थ दोन प्रकारें लागतो. विष्णूचे ठायीं आनंद मानणारा हा एक, आणि विष्णूस आनंद देणारा हा दुसरा. आमचा कल पहिल्याकडे आहे, परंतु आग्रह नाहीं. शिवाच्या वृषभाशीं ह्या पदाचा संबंध जोडण्याचें कारण दिसत नाहीं, आणि तें कोणा एका पंथाचें होतें असेंही नाहीं. पुढें दिगंबर जैन आचार्यांत नंदि-अंत नांवांची एक मोठी परंपराच झाली. बोधिसमा ह्या नांवाचें बोधिसमा कीं बोधिशर्मा हें निश्चित नाहीं. पूर्वपदांत बोधि आहे, हें मात्र निर्विवाद.

ह्या नांवाची घडण जुन्या शास्त्राशीं ताडून पाहण्यासारखी आहे. पतंजलीनें महाभाष्याच्या आरंभींच्या आह्निकांत याज्ञिकांचा नियम दिला आहे : मुलाचें नांव घोषवर्णानें सुरू व्हावें, मध्यें अंतस्थ वर्ण असावा, तीन पूर्वपुरुषांस अनुसरणारें असावें, दोन अक्षरांचें किंवा चार अक्षरांचें असावें. विष्णुनंदि हें वकारानें सुरू होणारें, चार अक्षरांचें नांव आहे. मध्यें अंतस्थ मात्र नाहीं. मनूचा नियम निराळा. वैश्याचें नांव धनाशीं संबद्ध असावें व त्याच्या पुढें पुष्टीचें द्योतक पद यावें, असें तो सांगतो. आमचा नैगम व्यापारी असूनही त्याच्या नांवांत धनही नाहीं आणि पुष्टीही नाहीं. कोंकणच्या बाजारपेठेंत मनु विचारून बारसें होत नव्हतें, एवढें ह्यावरून खुशाल समजावें.

ह्याहून महत्त्वाचा नियम मानवगृह्यसूत्रांत आहे. नांव देवतेच्या आश्रयानें किंवा नक्षत्राच्या आश्रयानें ठेवावें, परंतु देवतेचें प्रत्यक्ष नांव मुलास देऊं नये, असा तेथें निषेध सांगितला आहे. म्हणजे विष्णुदत्त चालेल, विष्णु चालणार नाहीं. पाणिनीच्या सहाव्या अध्यायांत दत्त व श्रुत हीं उत्तरपदें असलेल्या नांवांच्या स्वराविषयीं एक सूत्र असून त्यांत अशीं नांवें आशीर्वादार्थक असल्याचें म्हटलें आहे. देव ह्याला देवोत म्हणून देवदत्त, विष्णु ह्याचें ऐको म्हणून विष्णुश्रुत, असा त्याचा उलगडा काशिकाकार करितात. ह्या दोन आधारांवरून त्या काळच्या देवनामाचें मर्म कळतें. नांव हें त्या मुलाच्या श्रद्धेची नोंद नसून मुलासाठीं आईबापांनीं केलेलें मागणें असे. पाळण्यांतल्या मुलाला कोठला आला आहे पंथ ?

ह्या दृष्टीनें नांवांचा प्रसार पाहूं. पश्चिम हिंदुस्थानांतील लेण्यांत विष्णुयुक्त नांवें थोडीं, पण ठसठशीत आहेत. भाजें येथें पाण्याची पोढी देणारा महारठी कोसिकीपुत विण्हुदत आहे. नाशिकास गौतमीपुत्र सातकर्णीनें अठराव्या वर्षीं त्रिरश्मी डोंगरावरील भिक्षूंस शेत देण्याची आज्ञा ज्याच्या नांवें काढली, तो गोवर्धनाचा अमात्य विण्हुपालित. त्याच नाशिकास आभीर राजा ईश्वरसेन ह्याच्या नवव्या वर्षीं आजारी भिक्षूंच्या औषधासाठीं श्रेणींकडे कायम ठेव ठेवणारी उपासिका विष्णुदत्ता आहे. ही बाई शक अग्निवर्म्याची मुलगी, गणपक रेभिलाची बायको आणि गणपक विश्ववर्म्याची आई. बापाच्या नांवांत अग्नि, तिच्या नांवांत विष्णु, कुळ शकांचें, आणि दान बौद्ध विहारास ! नांवावरून धर्म सांगूं पाहणाऱ्यानें ह्या एका बाईपाशीं तरी क्षणभर थांबावें.

विण्हुदत, विण्हुपालित, विष्णुदत्ता ह्या तीन नांवांत दत्त व पालित हीं नेहमींचीं उत्तरपदें आहेत. तीं कोणत्याही देवतेच्या नांवास लागतात. विष्णूच्या पुढें नंदि लागलेलें आमच्या पाहण्यांत ह्या लेण्यांपैकीं एकट्या कल्याणच्या ह्या घरींच आहे. म्हणून त्यास आम्ही दुर्मिळ म्हणतों. शिवाचीं नांवें ह्या मानानें पुष्कळ. कोंकणांतच तळ्याजवळच्या कुडें येथील लेण्यांत तीं ओंजळभर मिळतात, आणि आमच्या प्रश्नाचें उत्तर देण्यास कुडें येथील तेंच एक घर पुरेसें आहे.

परंतु त्यापूर्वीं विरुद्ध पक्ष मांडला पाहिजे, कारण तो एका थोर पंडिताचा आहे. डॉ. ब्यूलर ह्यांनीं सांचीच्या स्तूपांवरील दानलेखांचें संपादन करितांना दात्यांच्या नांवांत विष्णु व शिव ह्यांचीं नांवें आढळतात, हें हेरलें. बौद्ध दात्यांच्या घरांत अशीं नांवें आहेत, त्या अर्थीं हीं घरें बुद्धाच्या मार्गास लागण्यापूर्वीं वैष्णव किंवा शैव होतीं, आणि ते पंथ तितके जुने आहेत, असें अनुमान त्यांनीं काढलें. ह्या अनुमानाचे दोन भाग आहेत. विष्णु व शिव ह्यांची उपासना त्या काळीं रूढ होती हा पहिला भाग आम्हांस पूर्ण मान्य आहे. जो देव कोणास ठाऊक नाहीं त्याच्याजवळ मुलासाठीं कोणी मागणें करीत नाहीं. दुसरा भाग, कीं नांव हें धर्मांतरापूर्वींच्या पंथाचें अवशेष आहे, तो मात्र टिकत नाहीं.

कुडें येथें महाभोज मांदव खंदपालित ह्याचा लेखक सिवभूति ह्यानें आपली बायको नंदा हिच्यासह लेणें दिलें. तो सुलसदत व उतरदता ह्यांचा मुलगा. त्याचा धाकटा भाऊ सिवम ह्यानें बायको विजया हिच्यासह तेथेंच शिल्पकाम करविलें. त्याच्या मुलांचीं नांवें सुलसदत, सिवपालित, सिवदत व सपिल, आणि खांब देणाऱ्या मुलींचीं सपा, सिवपालिता, सिवदता व सुलसदता. आतां ब्यूलरांचें अनुमान येथें लावून पाहावें. शिवाचें नांव हा मागल्या पंथाचा अवशेष असता, तर तो सिवभूति व सिवम ह्या भावांपाशींच संपावयास हवा होता. ज्यांनीं बुद्धासाठीं कातळ फोडविला, त्यांच्याच मुलांना पुन्हां शिवपालित व शिवदत्त हीं नांवें पडलीं. आणि तींच मुलें त्या दानांत वांटेकरी झालीं. आजोबाचें नांव नातवास व नातीसही देण्याची चाल येथें स्पष्ट दिसते, ती पतंजलीच्या नियमाशीं जुळते. नांवांचा ओघ आणि दानाचा ओघ एकाच घरांत शेजारीं शेजारीं वाहत होते. खुद्द त्यांच्या स्वामीचें खंदपालित हें नांव स्कंदाचें, म्हणजे कार्तिकेयाचें.

ह्याच कारणास्तव कल्याणच्या सामिदत सोनारास आम्ही कार्तिकेयाचा उपासक म्हणण्यास धजत नाहीं. स्वामी हें कार्तिकेयाचें नांव खरें. पण सकसेन राजाही आपणांस स्वामी म्हणवितो, आणि धनी ह्या साध्या अर्थींही तो शब्द चालतो.

तेव्हां वेण्हुनंदीच्या घरासंबंधीं आमचें मत असें. वेण्हुनंदीच्या आईबापांस विष्णु पूज्य होता, हें नांव सांगतें. बोधिसमेच्या माहेरीं बोधि पूज्य होती, हें तिचें नांव सांगतें. त्यांच्या मुलाला संघ पूज्य होता, हें लेणें सांगतें. स्वतः वेण्हुनंदि काय मानी, हें ह्यांपैकीं एकही साधन सांगत नाहीं. एवढें खरें कीं मुलानें बौद्ध दानाचें पुण्य बापास वांटलें व बापाचें विष्णुनाम तेथें जसेंच्या तसें कोरविलें. तें त्याला लपविण्यासारखें वाटलें नाहीं, बदलण्यासारखेंही नाहीं. संघासही त्यांत कांहीं वावगें दिसलें नसावें. अशा घराला एकाच पंथाची चिठ्ठी चिकटविण्याची घाई आपणच करीत असतों.

पुढें ह्या नांवाचें काय झालें ? ठाण्याच्या शिलाहारांच्या काळापर्यंत येतां नांवांची तऱ्हाच पालटलेली दिसते. भांडुप येथें मिळालेल्या छित्तराजाच्या शके ९४८ च्या ताम्रपटांत महामात्य नागणैय आहे व ब्राह्मण प्रतिग्रहीता आमदेवैय आहे. ऐय हा कानडी आदरप्रत्यय साष्टीच्या जमिनीवर रुळलेला, आणि जुने दत्त-पालित-नंदि कोठच्या कोठें गेलेले. राजांच्या नांवांत अपरादित्य, अनंतदेव, सोमेश्वर अशीं भारदस्त रूपें आलीं. सोमेश्वर हें तर सरळ देवाचेंच नांव. मानवगृह्यसूत्राचा निषेध येथवर ढिला झाला होता.

तो का ढिला झाला, ह्याचें एक कारण भागवताच्या सहाव्या स्कंधांतील अजामिळाच्या कथेंत आहे. अजामिळानें धाकट्या मुलाचें नांव नारायण ठेवलें, मरणकाळीं त्याला हांक मारली, आणि त्या हांकेनें तो तरला. ज्या काळीं देवाचें नुसतें नांव घेणें हेंच पुण्य ठरलें, त्या काळीं मुलास विष्णुदत्त म्हणण्यापेक्षां विष्णु म्हणणेंच लाभाचें झालें. दिवसांतून पन्नास वेळां हांक मारावी आणि पन्नास वेळां नामस्मरण घडावें. वारकरी संप्रदायानें ही समजूत घरोघर नेली. विठू, विठोजी, विठाबाई, ज्ञानबा, तुकाराम हीं त्या मनोवृत्तीचीं नांवें. पूर्वींचें नांव मुलासाठीं देवाजवळ केलेलें मागणें होतें. नंतरचें नांव मुलाच्या निमित्तानें देवाला मारलेली हांक झालें. वेण्हुनंदि पहिल्या तऱ्हेचें, म्हणून दुसऱ्या तऱ्हेच्या काळांत त्याला कोणी विचारलें नाहीं. कण्हाचा मात्र कान्हा व कान्होबा होऊन तो अंगणांत खेळत राहिला, कारण तें हांकेचें नांव होतें. चार अक्षरांच्या जोडनांवाला ती सोय नव्हती.

इ. स. १९५६ च्या ऑक्टोबरच्या १४ तारखेस नागपुरास डॉ. आंबेडकरांनीं बौद्ध धर्माची दीक्षा घेतल्यानंतर सिद्धार्थ, राहुल, संघमित्रा, प्रज्ञा हीं नांवें नव्या अर्थानें घरोघर आलीं. कल्याण-डोंबिवलीच्या वस्तींतही तीं सर्वत्र कानीं पडतात. परंतु राहुल व सिद्धार्थ हीं नांवें ब्राह्मणांच्या आणि मराठ्यांच्या घरींही तितकींच रूढ आहेत. आणखी हजार वर्षांनीं डोंबिवलीच्या एखाद्या इमारतीच्या नांवपट्टीवरून तेथील राहुल नामक रहिवासी बौद्ध होता, असें कोणी संशोधक ठरवूं लागला, तर त्याला आपण काय म्हणूं ? हल्लीं मुलांसाठीं कोणी ठेवलें नसेल असें देवाधर्माचें नांव शोधण्याची हौसही वाढली आहे. अशा हौशी आईबापांस वेण्हुनंदि ठेवण्याची शिफारस आम्ही करणार नाहीं, शाळेंत त्याचा उच्चार काय होईल ह्याची कल्पना आहे. परंतु विष्णुनंदि हें अर्थानें निर्दोष, उच्चारास सोपें व कल्याणच्याच मातींतलें नांव आहे.

पोथ्या व कागद जमविणाऱ्यांस ह्या विवेचनाचा उपयोग सांगितला पाहिजे. पुष्पिकेंतील लेखकाचें नांव शिवराम असल्यास पोथी शैव समजण्याची, किंवा मालकाचें नांव विठ्ठल असल्यास घराणें वारकरी ठरविण्याची चाल सूचिकारांत आहे. नांवाची साक्ष एका पिढीमागची असते : ती नांव ठेवणाऱ्याविषयीं बोलते, नांव धारण करणाऱ्याविषयीं नव्हे. धारण करणाऱ्याची साक्ष हवी तर त्यानें काय लिहविलें, कोणास दिलें, आरंभीं कोणाला वंदिलें आणि शेवटीं कोणाला अर्पिलें हें पाहावें. आणि दोहोंचा मेळ बसत नसल्यास तो बळेंच बसवूं नये.

कान्हेरीच्या लेखांचें समग्र संपादन डॉ. शोभना गोखले ह्यांनीं केलें व तें इ. स. १९९१ मध्यें पुण्याच्या डेक्कन कॉलेजनें प्रसिद्ध केलें. बर्जेस व भगवानलाल ह्यांचे इ. स. १८८१ चे ठसे आणि ल्यूडर्स ह्यांची इ. स. १९१२ ची यादी ह्यांशीं तें ताडून पाहणें आतां सोपें झालें आहे. दात्याच्या नांवाचीं झिजलेलीं अक्षरें जुन्या ठशांवरून कोणास अधिक लागत असल्यास त्यांनीं वाचन अवश्य कळवावें. तसेंच कल्याण, भिवंडी, मुरबाड व ठाणें ह्या भागांतील ज्या गृहस्थांचे संग्रहीं जुन्या वह्या, दानपत्रें, उपाध्यायांच्या नोंदी किंवा पोथ्या असतील, त्यांनीं त्यांत नंदि-अंत अथवा पालित-अंत नांव आढळल्यास गांव, शक व ज्या कागदांत तें आहे त्याचा प्रकार ह्यांसह त्याची नक्कल पाठवावी. नक्कल करितांना मूळ अक्षरें सुधारून लिहूं नयेत. वेण्हु असेल तेथें वेण्हुच लिहावें.